बंद डावीकडे

"पाहुणं, दिव्याच्या आड येऊ नका. सावली पडतीया."

हे तुम्हालाच. तुम्ही अंग चोरून मागे सरता आणि राहुटीचं कापड पाठीला लागतं. समोर चटईवर, दोन समयांच्या मध्ये, सोनेरी बुट्ट्यांचं किनखापाचं थान पसरलंय. त्याच्या कडेला चार माणसं गुडघे टेकून बसलीत आणि चौघांचे डोळे एकाच गोष्टीवर आहेत : म्हाताऱ्या आबांच्या हातातल्या कात्रीवर. कात्री कापडापासून बोटभर वर थांबली आहे. आबा पुन्हा एकदा नखाने रेघ ओढतात, पुन्हा सुतळी लावून बघतात. सुतळीला गाठी आहेत. पहिली गाठ छातीची, दुसरी कमरेची, तिसरी बाहीची. ज्याचा अंगरखा शिवायचा तो पथक्या, म्हणजे पथकाचा सरदार, इथे आलेला नाही. त्याच्या अंगाऐवजी ही सुतळी आली आहे.

शके 1716, आनंद नाम संवत्सर, फाल्गुनातली अमावास्या. इंग्रजी तारखेने 20 मार्च 1795. उद्या पाडवा. उद्या सकाळी श्रीमंत पेशव्यांच्या डेऱ्यात मुजऱ्याला जाताना पथक्याच्या अंगावर हा अंगरखा हवा. हुकूम आज दुपारी आला. सूर्य डोक्यावर असताना अस्तराचं कापड पाण्यात बुडवून, पिळून, पालावर वाळत टाकलं. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर आकसतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. त्यात अर्धा दिवस गेला. आता उरली आहे एक रात्र, चार प्रहरांची, आणि तीही बिनचंद्राची.

बाहेर पाहायचं असेल तर आत्ताच पाहून घ्या, नंतर मान वर करायला फुरसत मिळणार नाही. जिकडे नजर टाकाल तिकडे चुली. ग्रँट डफच्या इतिहासात मराठ्यांच्या या फौजेचा आकडा एक लाख तीस हजार दिला आहे, त्याशिवाय पेंढारी वेगळे. पुण्याची हुजुरात, दौलतराव शिंद्यांचे कंपू, तुकोजी होळकरांची फौज, नागपूरकर रघूजी भोसले, पटवर्धन. या सगळ्या चुलींच्या मधोमध एक काळा चौकोन दिसतो आहे. तो खर्ड्याचा किल्ला, निंबाळकरांनी बांधलेला. त्यात निजाम अली खान कोंडला गेलाय. 11 तारखेला लढाई झाली. दिवसभरात निर्णय असा काही लागला नव्हता. रात्री मराठ्यांची एक छोटी टोळी घोड्यांना पाणी शोधत ओढ्याकडे गेली, तिथे निजामाचे शिपाई होते, त्यांनी गोळ्या झाडल्या, आणि अंधारात त्यांच्या सगळ्या छावणीची पळापळ झाली. सकाळी मराठ्यांनी पाहिलं तर तोफा, सामानसुमान, गाठोडी तशीच पडलेली. त्यातलं एक गाठोडं या राहुटीत पोचलं आहे. ते लक्षात ठेवा.

आणि हेही आत्ताच सांगून टाकतो : लढाई, माणसांची नावं, तारखा इतिहासातल्या आहेत. ही राहुटी आणि तिच्यातली पाच माणसं मात्र माझी आहेत. लढाईच्या कागदांत जखमी घोड्यांची गणती असते, शिंप्यांची नसते. पण लाखाच्या फौजेत तंबू, जीन, खोगिराचे पट्टे आणि अंगावरचे कपडे फाटत असणारच, आणि ते शिवणारे हातही असणारच.

कच्च् असा आवाज येतो. कात्री फिरली.

आता कळतं की सगळे श्वास धरून का बसले होते. किनखाप म्हणजे रेशीम आणि जरीचं जाड विणकाम. सुलटी बाजू राजाची, उलटी बाजू भिकाऱ्याची. मागे सगळे सुटे धागे लोंबत असतात, त्यामुळे तुकडा चुकीचा कापला तर पालटून वापरता येत नाही. कापल्याबरोबर कडेचे धागे सुटायला लागतात. म्हणून कात्रीच्या मागोमाग चाचांचं बोट फिरतं, डिंकाच्या पाण्यात बुडवलेलं. कापलेली कड ओली होते, चिकटते, गप्प बसते. चाचा जरीकाम करणारे, बऱ्हाणपुराकडचे. आबांच्या कात्रीचा वेग आणि चाचांच्या बोटाचा वेग एकच आहे. ही दोन माणसं पूर्वी पुष्कळदा शेजारी बसली असणार.

आणि हे थान एकच आहे. दुसरं आणणार कुठून? पथक्याला ते मागे कधीतरी मानाची वस्त्रं म्हणून मिळालेलं. आपल्याला वाटतं की शिरपाव म्हणजे शिवलेला झगमगीत झगा. पेशवे दप्तरातल्या यादीत मात्र बहुतेक न शिवलेलं कापडच भेटतं : तिवट, शेला, महमुदी, किनखापाचं थान. डोक्याला, खांद्याला, अंगाला एकेक वस्त्र. मान सरकारने द्यायचा, शिलाई ज्याची त्याने करून घ्यायची. पुष्कळांची थानं मग पेटीतच राहत असतील. या पथक्याचं राहिलं होतं. खर्ड्याच्या विजयाने ते बाहेर काढलं.

संध्याकाळी फडावरचा कारकून येऊन थान तराजूत घालून गेला आहे. सकाळी तो अंगरखा आणि कातरण दोन्ही तोलणार. कारण जर खरी आहे. चिंधी जाळली तरी हाती चांदी लागते. शिवाय सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांची संगत नको म्हणणारी म्हण त्यालाही पाठ आहे. स्वतः तिसऱ्या जातीचा असून पहिल्या दोघांवर तो नजर ठेवतो, ही गंमत त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

"पाहुणं, टीप येती का?"

येते, तुम्ही म्हणता. शाळेत शिवणाच्या तासाला शिकलेली, नंतर कधीतरी उशीच्या अभ्र्यावर वापरलेली. आबा तुमच्याकडे अस्तर ढकलतात. अस्तरावर चूक झाली तरी जगाला दिसत नाही. पोर तुम्हाला सुई ओवून देतं. त्याचं कामच ते : दोरा ओवायचा, मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढायचा, सुई ज्याच्या त्याच्या हातात द्यायची, मधूनमधून समईची वात पुढे सारायची. एकाने ओवायचं आणि चौघांनी शिवायचं म्हणजे चौघांचे डोळे वाचतात. तेलाचा एक थेंब किनखापावर पडला तर काय होईल हे पोराला कुणी सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही. समईजवळ जाताना ते जीभ दातांत धरतं.

तुमची पहिली वीतभर टीप काकी बघते, बोटाने खेचते आणि काही न बोलता उसवून टाकते. तुमचे टाके लांब आहेत. तुम्हाला यंत्राच्या टाक्याची सवय, आणि शिवणयंत्र या देशात यायला अजून अर्धशतकाहून जास्त काळ आहे. इथे प्रत्येक टाका म्हणजे सुई खाली, सुई वर, आणि मागच्या टाक्याच्या भोकात परत. तसूभर जागेत काकीचे जितके टाके बसतात तितके तुमच्या वीतभरात नाहीत. दुसऱ्यांदा घाला. अंगुस्ताना मधल्या बोटात; पहिल्या बोटात घातला तर रात्र पुरी व्हायच्या आत बोट सोलवटेल. वेग येण्यासाठी घाई करू नका, हात न थांबवता चालवा. घाई करणाऱ्याचा दोरा गुंततो आणि गुंता सोडवण्यात त्याने वाचवलेला वेळ जातो. काकी दोऱ्याची लांबी हातभरच ठेवते, म्हणून तिचा दोरा कधी गुंतत नाही.

कामाची वाटणी कुणी मोठ्याने सांगितली नाही तरी ठरलेली आहे. आबा बेततात आणि कापतात. रात्रभरात ते फारसं शिवणार नाहीत, कारण त्यांना आता सुईचं भोक दिसत नाही, रेघ मात्र दिसते. तात्या, आबांचा धाकटा भाऊ, बाह्या आणि बगला धरतो. चाचा गळ्याला आणि कडेला मगजी लावतात. काकी कळ्या जोडते आणि तुरपाई घालते. तुम्ही अस्तर. पाठीचा तुकडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा तो कसा घडी करून द्यायचा, सुलटी बाजू आत की बाहेर, तेही ठरलेलं. एकाचं काम अडलं तर दुसऱ्याचे हात रिकामे बसणार, आणि रिकाम्या हातांना तात्या लगेच दुसरं काही देतो. तुम्ही अस्तराची एक शिवण संपवून मान वर केलीत तर तुमच्या मांडीवर दोन हात लांबीची पट्टी येऊन पडते. "बंद वळा."

बंद वळणं हे काम दिसतं सोपं. अरुंद पट्टी उलटी शिवायची, मग आतून सुलटी करायची. कापड जाड, पट्टी बोटाहून अरुंद. पोर तुम्हाला युक्ती दाखवतं : शिवतानाच आत एक दोरा ठेवायचा, एका टोकाला पक्का, आणि शेवटी तो ओढला की पट्टी आपोआप सुलटी होत बाहेर येते.

या रात्री शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं काय असेल तर तात्याच्या हातातला तो छोटा चौकोनी तुकडा. बगल. अंगरख्याची बाही सरळ कापलेली असते, अंगाचा भागही सरळ. दोन सरळ तुकडे काखेत नुसते जोडले तर माणसाला हात खांद्याच्या वर नेता येणार नाही. नेला तर सगळा अंगरखा वर ओढला जाईल किंवा काखेत टर्रकन फाटेल. तिथे हा चौकोन तिरका बसतो. हात खाली असेल तेव्हा तो दुमडून नाहीसा होतो, हात वर गेला की उघडतो. तलवार उपसायची, घोड्यावर चढायचं, मुजरा करायचा, सगळं या मूठभर तुकड्यावर. तात्या तो बसवताना चारी कोपऱ्यांना आधी कच्चा टाका घालतो, बाहीत स्वतःचा हात घालून वर-खाली करतो, आणि मगच पक्की टीप मारतो. सगळ्यात जास्त वेळ तो याच तुकड्याला देतो. त्याला कुणी घाई करत नाही.

दुसरा प्रहर उलटला. शिवता शिवता बोलणं सुरू होतं, कारण गप्प बसलं की झोप येते.

"काशीला धाडणार व्हता म्हनं," तात्या म्हणतो. "लंगोटी नेसवून. हातात लोटा दिऊन."

सगळे हसतात. ही गोष्ट गेले दहा दिवस छावणीभर फिरते आहे. चौथाईच्या थकबाकीवरून पुणे आणि हैदराबाद यांच्यात तणातणी चालली होती. मराठ्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादेत तगादा लावून होते. तेव्हा निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क भर दरबारात बोलून गेला की पेशव्याला लंगोटी नेसवून, हातात पाण्याचं भांडं देऊन गंगेकाठी मंत्र पुटपुटत बसायला काशीला पाठवू. हेही ग्रँट डफने नोंदवून ठेवलंय. या युद्धाची पहिली शिवी कपड्यावरून होती, असं म्हणायला हरकत नाही. आता तोच दिवाण समोरच्या किल्ल्यात आहे आणि नाना फडणवीसांच्या तहाच्या अटींमध्ये त्याला स्वाधीन करण्याची अट आहे.

पथक्याला हा अंगरखा इतका तातडीने का हवा, ते आता कळलं असेल. ज्यांना नागवं करायची भाषा झाली त्यांनी पाडव्याला पेटीतलं सगळ्यात भारी कापड अंगावर घालायचं. मार्चातल्या उन्हात किनखाप घालणारा माणूस घामाने निथळणार आहे. निथळू दे.

"आनि त्यांच्या बायकांची पलटन?" पोर विचारतं. निजामाच्या जनान्याच्या पहाऱ्यावर बंदुकधारी बायकांच्या पलटणी होत्या, कवायती शिपायांसारख्या पोशाखात, आणि त्या खर्ड्याला आल्या होत्या, हे खरं आहे. पोराचा विश्वास बसत नाही. काकीचा बसतो.

"त्येंचे कोट कोन शिवत आसंल?" एवढंच ती विचारते.

तिसऱ्या प्रहराच्या सुरुवातीला अंगरखा उभा राहतो. म्हणजे पाठ, पुढे, बाह्या, घेर सगळं जोडून झालं. राहिलं ते खालच्या कडेची तुरपाई आणि बंद लावणं. आबा पोराला उभं करतात. पोराच्या अंगात तो अंगरखा पायाच्या अंगठ्यापर्यंत लोळतो, बाह्यांत हात हरवतात, तरी सगळे कौतुकाने बघतात. बुट्ट्या सरळ रेषेत आल्या आहेत. कमरेच्या शिवणीवर एकही चुणी नाही.

"बांध बघू," आबा म्हणतात.

पोर उजवा पुढा ओढून डाव्या काखेकडे नेतं. कारण अंगरखा तसाच बांधतात, ते चालायला लागल्यापासून त्याने तसंच पाहिलंय. पण पुढा तिथे पोचत नाही. तोकडा आहे. मोठा पुढा डावीकडचा आहे, तो उजव्या काखेकडे निघालाय. पोर खाली बघतं, मग आबांकडे बघतं.

कुणीच बोलत नाही. मग चाचा हळू आवाजात म्हणतात, "आबा, ये तो हमारी बाजू का बंद है."

कापड एक, बेत एक, बगल तीच, कळ्या त्याच. फक्त हिंदूने जाम्याचा बंद डाव्या काखेखाली बांधायचा आणि मुसलमानाने उजव्या, हा मोगली अमलात रुळलेला रिवाज. जुन्या चित्रांत पोशाखावरून माणसाचा धर्म ओळखायचा तर अभ्यासक आधी याच गाठीकडे बघतात. चूक कुठून शिरली तेही उघड आहे. कारकुनाने दुपारी सुतळीबरोबर नमुना म्हणून एक जामा दिला होता. "ह्याच्यासारखा झोक पाहिजे." तो जामा त्या गाठोड्यातला, ओढ्याकाठी सोडून पळालेल्या छावणीतला. आबांनी तो कापडावर ठेवून रेघ मारली. नमुना जिथला होता तिथल्या रीतीने बरोबर होता.

पथक्या हा अंगरखा घालून श्रीमंतांच्या डेऱ्यात गेला तर काय होईल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. छावणीत महिनाभर तोच विनोद चालेल.

तात्या कपाळावर हात मारतो. काकी मात्र अंगरखा पोराच्या अंगातून काढून उलटा करते आणि शिवणी बघायला लागते. रडायचं ते सकाळी. घेराच्या कळ्या दोन्ही बाजूंना सारख्याच असतात. कमरेची शिवण उसवून घेर उलट बाजूने चढवला की भागेल. पाठ तीच राहील. बाह्या त्याच. अडतं ते छातीपाशी. वरचा पुढा उजवीकडून येऊन छातीवरून डावीकडे जायला हवा, आणि तसा तुकडा आहे तो डावीकडचा. पालटावा तर उलटी बाजू वर येणार, सुट्या धाग्यांची. नवा तुकडाच हवा. छातीएवढा. थान संपलंय. कातरण आहे ती हाताच्या पंजाएवढी.

आबा उठतात. कुणाकडे न बघता कोपऱ्यातल्या आपल्या बोचक्यापाशी जातात, दोन जुन्या धोतरांच्या घडीत हात घालतात आणि किनखापाचा एक तुकडा काढून चटईवर ठेवतात. सोनेरी बुट्टी. याच थानाची. छातीएवढा.

राहुटीत शांतता. मग काकी तोंडाला पदर लावते. तिचे खांदे हलायला लागतात. तात्या दुसरीकडे बघतो. चाचा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "अल्ला मेहेरबान." आणि सगळे एकदम हसत सुटतात, शेजारच्या राहुटीतून कुणीतरी शिवी हासडेपर्यंत.

"नातवाच्या टोपीला ठिवला व्हता," आबा पुटपुटतात. म्हण उगाच पडली नाही. पण मी आबांच्या बाजूने आहे. ज्याच्या हातून आयुष्यभर दुसऱ्यांची जर गेली, त्याने नातवाच्या टोपीपुरती ठेवली तर कारकुनाच्या तराजूला फार झीज लागली नसती.

आता खरी घाई. उसवणं हे शिवण्याहून नाजूक काम. सुई टाक्याखाली सरकवून एकेक टाका तोडायचा, कापडाला ओढ न देता. तुम्ही कमरेची शिवण उसवता, पोर तुटलेले दोरे वेचतं, कारण एकही दोरा राहिला तर मगजीखाली टेंगूळ दिसेल. आबा नवा पुढा बेततात आणि यावेळी कापण्याआधी तो पोराच्या छातीवर धरून बघतात. चाचांनी गळ्याची मगजी काढून पुन्हा लावायला घेतली आहे. ओठ हलताहेत, आवाज नाही. काकी आणि तात्या घेराच्या दोन टोकांना बसून मधल्या दिशेने शिवत येतात. दोघांच्या सुया मध्ये भेटतील तेव्हा एकही कळी जास्त किंवा कमी पडता कामा नये. दोन माणसांचा टाका एकसारखा नसला तर ती जागा कायम दिसत राहते. यांची दिसणार नाही.

चौथा प्रहर कधी सुरू झाला ते तुम्हाला कळलंच नाही. बोटाच्या टोकाला भोकं पडली आहेत, डोळ्यांत धूर गेलाय. बंद तुम्हीच लावायचे असं काकी ठरवते. बाहेर एक जोडी, डाव्या काखेखाली, आणि आत एक जोडी. आतली जोडी उजव्या काखेखाली, कारण आतला पुढाही कुठेतरी धरून ठेवावा लागतो. टाका आडवा, उभा, मग चौकोनात. बंद ओढला जातो, म्हणून तो नुसत्या कडेवर नाही, आतल्या पट्टीसकट धरायचा. काकी ओढून बघते. उसवत नाही.

चौघडा वाजायला लागतो तेव्हा तात्या पाटावर अंगरखा पसरून कुंदीने ठोकून शिवणी बसवतो आहे. राहुट्यांपुढे काठ्या उभ्या राहताहेत. कुठेतरी एखादा जोशी नव्या वर्षाचं नाव वाचून दाखवेल. आनंद संवत्सर संपलं. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला त्या वर्षाचं नावही आनंदच होतं, साठ-साठ वर्षांच्या दोन फेऱ्यांपूर्वीचं. आज सुरू झालेल्या शके 1717 चं नाव राक्षस.

कारकून येतो. तराजूच्या एका पारड्यात अंगरखा आणि कातरण, दुसऱ्यात कालची वजनं. अस्तराचं वजन तो वेगळं वजा करतो, हुशार माणूस. कातरणीत आता तो चुकलेला पुढाही आहे. काटा मध्ये येऊन थांबतो. कारकून पुन्हा तोलतो. पुन्हा मध्येच.

"जन्मात पैल्यांदा वजन पुरं भरलं ह्यांचं," काकी तुमच्या कानात म्हणते.

पथक्या मुजरा करायला हात वर नेईल तेव्हा बगल उघडेल, आणि ते कुणालाच दिसणार नाही. ज्यांच्यापुढे तो वाकणार आहे ते सवाई माधवराव अजून एकवीस वर्षांचेही नाहीत. जेम्स वेल्सने पुण्यात काढलेल्या चित्रात ते नाना फडणवीसांबरोबर बसलेले दिसतात. ग्रँट डफ सांगतो की खर्ड्याच्या जल्लोषात हा तरुण उदास होता. शत्रू इतक्या सहज शरण यावा आणि आपल्या लोकांनी न लढता मिळालेल्या विजयाची बढाई मारावी, याची त्याला खंत वाटत होती. मला हा माणूस त्या छावणीतला सगळ्यात शहाणा वाटतो.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, तरी थोडक्यात सांगतो. लवकरच तह झाला. दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये आणि मुशीरुल्मुल्क. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. वारसाच्या भांडणात नानांना निजामाची मदत लागली आणि ऑक्टोबर 1796 मध्ये महाडला झालेल्या करारात खर्ड्याला मिळवलेलं बहुतेक सगळं परत द्यायचं ठरलं. दोन वर्षांच्या आत तह उसवला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन, पेशवे असे सगळे एका बाजूला उभे राहिले ते खर्ड्याला शेवटचे.

आज जामखेडहून वीसेक किलोमीटरवर किल्ला उभा आहे, आणि 2021 च्या दसऱ्याला तिथे उभारलेला 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज दुरून दिसतो. तोही कुणीतरी शिवलाच. पण माझी विनंती त्याहून बारीक आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, लग्नातल्या मावळ्यांच्या पथकाला आपण ड्रेपरीवाल्याकडून जे अंगरखे भाड्याने आणतो त्यांना काखेत बगल नसते आणि छातीवर बंदाऐवजी वेल्क्रो असतो, तोही मिळेल त्या बाजूला. पोरं भाला उंचावतात आणि काखेत फाटतं. पुढच्या वेळी चार जण मिळून घरीच शिवायला बसा, एक रात्र हाताशी असली तरी पुरते. कापड साधं सुती घ्या, अस्तर आधी भिजवा, बगलेचा चौकोन विसरू नका. आणि कात्री लावण्याआधी एकदा कुणाच्या तरी अंगावर धरून बघा, बंद डावीकडे येतोय ना.